एज बॉक्सवरची व्हीएम रखडतेय? आधी व्हर्टआयओ तपासा
कारखान्यातल्या किंवा दुकानातल्या छोट्या बॉक्सवर (एज बॉक्स, म्हणजे कामाच्या जागीच ठेवलेला संगणक) केव्हीएम, म्हणजे लिनक्सवर आभासी संगणक (व्हीएम) चालवण्याची सोय, वापरत असाल, तर नवं हार्डवेअर घेण्याआधी व्हीएमचं नेटवर्क कार्ड आणि डिस्क कोणत्या प्रकारची आहे ते बघा. ई१००० (जुन्या प्रकारचं नेटवर्क कार्ड) किंवा आयडीई (जुन्या प्रकारची डिस्क-जोडणी) दिसलं, तर प्रोसेसरचा बराच वेळ जुन्या हार्डवेअरची नक्कल करण्यातच जातोय. दोन्ही व्हर्टआयओवर, म्हणजे खास व्हीएमसाठीच बनवलेल्या हलक्या आभासी उपकरणांवर, न्या. लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर असतोच. विंडोजमध्ये मात्र अजिबात घाई नको: आधी एक छोटी जादा व्हर्टआयओ डिस्क जोडा, ड्रायव्हर बसवा, मगच बूट डिस्क बदला, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही. सीपीयू मॉडेल ‘होस्ट’ ठेवलंत (म्हणजे बॉक्सचा खरा प्रोसेसर व्हीएमला तसाच दाखवलात) तर एनक्रिप्शनलाही वेग येतो, पण वेगळ्या प्रोसेसरच्या बॉक्सवर लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम न थांबवता हलवणं) करणार असाल तर ‘होस्ट’ टाळा.