नाटकात ‘काम’ शोधणाऱ्यांसाठी

जुलै लागला की आमच्या तालमीच्या खोलीत नवी मुलं यायला लागतात. चपला बाहेर काढतात, भिंतीला टेकून बसतात आणि थोड्या वेळाने हळूच विचारतात, “ताई, काम मिळेल का?” नाटकवाल्यांच्या भाषेत काम म्हणजे भूमिका. मीही 2008 मध्ये बार्शीहून पुण्यात बी. कॉम.ला आले तेव्हा हेच विचारलं होतं. भूमिका मिळाली नाही, काम मात्र मिळालं. आज दिवसा एका पतसंस्थेत नोकरी करते आणि संध्याकाळी प्रायोगिक नाटकांचे लाइट ऑपरेट करते. या वाटेने येऊ पाहणाऱ्यांसाठी लिहितेय.

पहिल्या दिवशी मला खोली झाडायला सांगितली. दुसऱ्या दिवशी जमिनीवर टेप लावून लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा उंच चौथरा, कुठे येणार, दार कुठे येणार ते आखायला. तिसऱ्या दिवशी केबल गुंडाळायला. मी तळहात आणि कोपरावरून, घरी दोरी गुंडाळतात तशी गुंडाळायला लागले, तर ग्रुपमधल्या एका दादांनी ती हातातून काढून घेतली. “अशाने पीळ बसतो, आतली तार तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा.” त्यांनी माझ्या हाताला हात लावून चार वेढे घालून दाखवले. त्यांना हे त्यांच्या आधीच्या कुणी दाखवलं होतं, त्याला त्याच्या आधीच्याने. प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास मी वाचला नंतर. त्याआधी तो असा हातात आला.

तरी वाचायचं आहेच, आणि लवकर वाचायचं. नाहीतर होतं असं की तीन महिने डोकं खाजवून आपण काहीतरी ‘नवं’ शोधतो आणि ते पन्नास वर्षांपूर्वी करून झालेलं असतं. मी ‘घाशीराम कोतवाल’ची संहिता पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या माणसांच्या भिंतीपाशी अडकले. ओळीने उभे राहिलेले नट गातात, डुलतात, पाठ फिरवली की पडदा होतात, त्यांच्याआड काय चाललंय ते झाकतात आणि पुढच्या क्षणी पुण्याचे ब्राह्मण होतात. नेपथ्याला खर्च नाही, टेम्पो नाही, बदलायला वेळ लागत नाही. लावणी, कीर्तन, दशावतार हे सगळं आपल्याकडे होतंच. तेंडुलकरांनी लिहिलेलं, जब्बार पटेलांनी बसवलेलं, भास्कर चंदावरकरांनी संगीत दिलेलं ते नाटक 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात उभं राहिलं तेव्हा या जुन्या गोष्टींना एक वेगळाच धारदार उपयोग सापडला. दोन वर्षांनी सतीश आळेकरांनी ‘महानिर्वाण’मध्ये कीर्तनाचा बाज घेतला आणि मेलेल्या माणसालाच त्याच्या मरणाची गोष्ट सांगायला लावली. हे दोन्ही मोठ्याने वाचा, चार जण जमवून. एकट्याने मनात वाचलं तर त्यातलं निम्मं हाती लागत नाही.

आणखी एक गोष्ट या वाचनातून माझ्या लक्षात आली, ती नव्या मुलांना मी आवर्जून सांगते. या इतिहासात संस्था सारख्या मोडताना दिसतात. विजया मेहतांनी 1960 मध्ये मुंबईत ‘रंगायन’ सुरू केली. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ तिथलं. पण दहा-बारा वर्षांत ती विस्कटली. त्यातूनच बाहेर पडून अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी 1971 मध्ये ‘आविष्कार’ उभी केली. पुण्यात ‘घाशीराम’वरून वाद पेटला, मूळ संस्थेने प्रयोग थांबवले, तेव्हा ती मंडळी बाहेर पडली आणि 1973 मध्ये थिएटर अकॅडमी झाली. जागांचंही तेच. दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह ‘आविष्कार’ला 1974 पासून मिळालं, आणि मराठीच नव्हे तर हिंदी, गुजराती नाटकवालेही तिथे यायला लागले. लोक ‘छबिलदास चळवळ’ म्हणायला लागले. एका शाळेच्या नावाने चळवळ! नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती जागा सुटली, तेव्हा हीच माणसं माहीमच्या म्युनिसिपल शाळेत गेली आणि तिथे तालमी सुरू झाल्या.

म्हणून तुमचा ग्रुप फुटला, दिग्दर्शक पुण्याहून मुंबईला गेला, तालमीची जागा गेली, तर सगळं संपलं असं समजू नका. माझ्या डोळ्यांदेखत दोन ग्रुप संपले. दोन्ही वेळा मी घरी जाऊन रडले. दोन्ही वेळा महिन्याभरात कुणाचा तरी फोन आला, “एक वाचन करतोय, येतेस का?” अशा फोनला हो म्हणायचं, एवढं माझं ऐका.

अरुण काकडे यांच्याबद्दल मला फार आदर आहे. काकडेकाका म्हणून सगळे ओळखायचे त्यांना. 2019 मध्ये ते गेले. चार दशकांहून जास्त काळ त्यांनी प्रामुख्याने व्यवस्थेची बाजू सांभाळली. तारीख, हॉल, पैसे, पत्रव्यवहार, नव्या मुलाला तालमीला जागा. तेंडुलकरांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण तेंडुलकरांचं नाटक ज्या संध्याकाळी होतं, त्या संध्याकाळी कुणीतरी हॉलची किल्ली आणलेली असते. तुम्हाला अभिनय येत नसेल आणि हिशेब येत असेल, तर लाजू नका. आम्हाला तुमची जास्त गरज आहे.

आता व्यवहाराचं थोडं. तिकीट लावून प्रयोग करायचा तर संहितेला राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पुण्यात असाल तर सुदर्शन रंगमंचावर प्रयोग बघायला जात राहा, तिकीट काढून. पासावर नाटक बघायची सवय लागली की आपणच आपल्या खिशातून चोरी करतो. पुरुषोत्तम करंडकात, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत, ‘अरे आव्वाज कुणाचा’ ओरडलेली शेकडो मुलं दरवर्षी कॉलेज संपलं की नाटकाकडे पाठ फिरवतात. त्यांनी महिन्याला एक प्रयोग तिकीट काढून पाहिला तरी फार फरक पडेल. पैशांचं म्हणाल, तर पहिली तीन वर्षं मला काही मिळालं नाही आणि आज मिळतं त्यात रिक्षा आणि जेवण भागतं. नटाला मानधन आणि बॅकस्टेजला चहा, हे मला पटत नाही. नव्या ग्रुपांनी थोडं का होईना, सगळ्यांना सारखं द्यावं.

नोकरी सोडून नाटक करू नका, निदान पहिली पाच वर्षं. महिन्याचं भाडं डोक्यावर असलं की माणूस मिळेल ते नाटक घेतो, आणि मग प्रयोग करून बघण्याची हिंमत सगळ्यात आधी जाते.

माझी एक चूक सांगते. चौथ्याच प्रयोगाला मी शेवटचा ब्लॅकआउट आधी दिला. क्यूशीटवर, म्हणजे कुठल्या खुणेला (क्यूला) कुठला दिवा बदलायचा त्या कागदावर, लिहिलं होतं, ‘वाक्य संपल्यावर फेड’, म्हणजे दिवे हळूहळू विझवायचे. त्या दिवशी अभिनेत्रीने वाक्याच्या मध्ये मोठा श्वास घेतला. मला वाटलं संपलं. तिचे शेवटचे चार शब्द पूर्ण अंधारात गेले. प्रयोगानंतर ती लाइटच्या बूथमध्ये आली, माझी शीट मागून घेतली, वाचली आणि म्हणाली, “तू माझे शब्द ऐकतेस. मला बघ.” पुढच्या तालमीत मी फक्त तिच्याकडे बघत बसले. वाक्य पुरतं संपलं की ती उजव्या हातातली बांगडी मनगटापासून वर सारायची. दर वेळी. तिलाही ते माहीत नव्हतं. मी शीटवर खोडून लिहिलं, ‘बांगडी वर, मग तीन मोजून फेड’. त्यानंतर तो क्यू कधी चुकला नाही.

त्या सगळ्या शीट मी ठेवल्या आहेत, एका पत्र्याच्या ट्रंकेत, प्रत्येकीवर तारीख आणि हॉल. तुम्हीही ठेवा. व्हिडिओत नाटक दिसतं, पण ते कसं चाललं होतं हे या कागदांतून कळतं.

यंदा तेच नाटक आम्ही पुन्हा करतोय. अभिनेत्री नवी आहे, विशीतली. ती बांगडी घालत नाही आणि वाक्याच्या मध्ये थांबतही नाही, उलट शेवटचे शब्द घाईने टाकून पाठ वळवते. जुनी शीट समोर ठेवून क्यू नव्याने लिहायचा आहे. मंगळवारी संध्याकाळी सातला टेक्निकल, म्हणजे दिवे-आवाजासकट तालीम, आहे. बूथमध्ये माझ्या शेजारी एक स्टूल रिकामं असतं. येताना पेन्सिल आणा, पेन नको, खूप खोडावं लागतं.