बोनेटवरचे खोल डाग: माझा अनुभव

कोथरूडमधील आमच्या सोसायटीत गाडी बोअरच्या पाण्याने धुतली जाते. एप्रिलच्या उन्हात ते पाणी पत्र्यावरच वाळत गेल्याने काळ्या बोनेटवर पांढरी वर्तुळे उमटली होती. त्यांच्यावर थेट वॅक्स लावणे मला पटेना, कारण वॅक्सखाली डाग तसाच राहतो.

प्रथम गाडी सावलीत घेऊन, पत्रा गार झाल्यावर शाम्पूने धुतली. मग पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळून, त्यात भिजवलेले मायक्रोफायबर कापड डागांवर मिनिटभर ठेवले आणि लगेच भरपूर पाण्याने धुतले. क्षारांचा थर निघाला. पण तिरक्या उजेडात पाहिले तेव्हा रुपयाएवढ्या कडा अजूनही दिसत होत्या आणि नखाला किंचित खाच जाणवत होती. म्हणजे डाग क्लिअर कोटमध्ये, रंगावरच्या पारदर्शक संरक्षक थरात, उतरला होता.

हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच, केसापेक्षाही पातळ, म्हणून रबिंग कंपाउंड (पृष्ठभाग घासून काढणारी खरखरीत पेस्ट) घासण्याचा मोह टाळणे मला फार महत्त्वाचे वाटते. क्ले बार (चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी) फिरवून, कोपऱ्यातील एकाच डागावर बारीक पॉलिश फोमच्या पॅडने हलक्या हाताने लावून पाहिले आणि समाधान झाल्यावरच पुढे गेलो. दोन फेऱ्यांत बहुतेक कडा गेल्या. सर्वांत खोल दोन खुणा पुसट झाल्या, पण पूर्ण गेल्या नाहीत. त्या मी तशाच ठेवल्या. त्यानंतर वॅक्स लावले. आता गाडी धुतली की ती लगेच कोरडी पुसतो.