चेनसॉला मोठे स्पाइक: कधी घ्यावेत, कसे लावावेत, कसे वापरावेत

चेनसॉचा बार, म्हणजे जिच्या कडेवरून चेन फिरते ती लांब पोलादी पट्टी, मशीनमधून जिथे बाहेर येतो, तिथे बुडाशी एक दातेरी पट्टी असते. तिला बंपर स्पाइक म्हणतात. छोट्या मशीनवर ती कधी प्लास्टिकची असते, कधी पोलादाची एकच छोटी पट्टी असते. मोठ्या मशीनवर बारच्या दोन्ही बाजूंना पोलादी दात असतात.

या दातांचे काम समजले की पुढचे सगळे सोपे जाते. बारच्या खालच्या कडेला चेन मशीनच्या दिशेने धावते आणि पूर्ण रेसला तिचा वेग सेकंदाला २० मीटरच्या घरात जातो. ती लाकडाला लागली की सगळे मशीन लाकडाकडे ओढले जाते. स्पाइक आधीच सालीला टेकलेले असतील तर ही ओढ ते झेलतात, तुमच्या मनगटांना झटका बसत नाही. दात रुतल्यावर मागचे हँडल हळू वर उचलले की बार त्या टेकूवर फिरून लाकडात उतरतो. पहारीखाली दगड ठेवून ओंडका हलवतात, तोच हा हिशोब. लांबचे टोक तुमच्या हातात असल्यामुळे थोड्या जोरात मोठा दाब मिळतो. फायदा यात आहे आणि धोकाही यातच आहे.

मोठे दात मुळात जाड सालीसाठी असतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, ओरेगॉन-वॉशिंग्टनच्या जंगलांत, जुन्या डग्लस फर या उंच सूचिपर्णी झाडाची बुंध्याजवळची साल ३० सेंटिमीटरपर्यंत जाड होते. तिथे आखूड दात नुसत्या सालीत फिरत राहतील, लाकडापर्यंत पोहोचणारच नाहीत. आपल्याकडे साग घ्या, निलगिरी घ्या, सुबाभूळ घ्या. साल इतकी पातळ असते की कंपनीचे दात सहज लाकूड पकडतात. खरी अडचण येते ती जुना पर्जन्यवृक्ष, म्हातारा आंबा किंवा खोल भेगांची बाभूळ कापताना. साल ढिली असते, दात रुततात आणि सालीचा तुकडा घेऊनच सुटतात.

विकत घेण्याआधी

सगळ्यात आधी चेन बघा. भुसा पिठासारखा बारीक पडत असेल तर चेन बोथट झाली आहे, आणि तिच्यावर मोठे स्पाइक लावणे म्हणजे चुकीच्या दुखण्यावर औषध. धारदार चेन स्वतःच लाकडात उतरते आणि जाडसर कपच्या टाकते. कानस मारून, धार आल्यावर पुन्हा एकदा कापून बघा. बऱ्याच लोकांचा मोठ्या स्पाइकचा शोध इथेच संपायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

धार ठीक असूनही दात सुटत असतील तर साल मोजा. जाड दाभण किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर सालीत दाबा. कडक लाकडाला टेकला की बोटाने खूण धरून बाहेर काढा आणि पट्टीवर ठेवा. नवे दात या मापापेक्षा सेंटिमीटरभर लांब असले की पुरे. त्याहून लांब दातांनी पकड फारशी वाढत नाही, बारची लांबी मात्र जाते. दातांचा जेवढा भाग लाकडात रुतत नाही तेवढा बार वाया जातो. ४५ सेंटिमीटरचा बार आहे, दात ४ सेंटिमीटर पुढे आले आणि त्यातले दीडच रुतले, तर अडीच सेंटिमीटर बार कापायच्या कामाचा राहिला नाही. बुंधा बारच्या मापाच्या जवळ असेल तर हा फरक लगेच जाणवतो.

मशीनची ताकदही बघा. साधारण ५० सीसीच्या खालच्या मशीनला लांब दात लावू नयेत असे मी सांगेन. तरफेचा दाब इतका वाढतो की इंजिन बसते, क्लच घसरतो आणि तापतो. शिवाय आतला स्पाइक इंजिनच्या केसिंगला बोल्टने बसतो, बाहेरचा स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, झाकणाला. ही दोन्ही ओतीव हलक्या धातूची किंवा प्लास्टिकची असतात. घरगुती मशीनचे झाकण मोठ्या दातांचा जोर सोसण्यासाठी बनवलेलेच नसते. ते बोल्टच्या भोकापाशी तडकू शकते.

दुकानात मशीनचा नेमका मॉडेल नंबर सांगा, आणि शक्य असेल तर मशीनच घेऊन जा. भोके जुळतात का, चेन दातांपासून मोकळी राहते का, चेन ताणायच्या स्क्रूपर्यंत हात पोहोचतो का, हे समोरच कळते. बारखाली चेन कॅचर नावाचा छोटा भाग असतो. चेन तुटली किंवा उतरली तर तो तिला पकडतो, म्हणून नवा स्पाइक बसवण्यासाठी तो काढावा लागत असेल तर तो स्पाइक घेऊच नका. भोके जुळत नाहीत म्हणून केसिंगला नवी भोके पाडणे किंवा दात वेल्डिंग करून वाढवणे हे तर अजिबात करू नका.

जोडणी

मशीन पूर्ण थंड होऊ द्या. स्पार्क प्लगची टोपी काढा, जाड हातमोजे घाला, मग झाकण, चेन आणि बार उतरवा. जुना स्पाइक काढल्यावर खाली तेल आणि भुश्याचा घट्ट थर दिसेल. तो खरवडून, फडक्याने पुसून जागा कोरडी करा, नाहीतर नवी पट्टी सपाट बसणार नाही. बोल्टच्या आट्यांवर मध्यम ताकदीच्या, निळ्या थ्रेडलॉकरचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब टाका. सगळे बोल्ट आधी हाताने लावा आणि मग थोडे-थोडे आळीपाळीने आवळा. हलक्या धातूतले आटे लवकर मरतात, तेव्हा पान्ह्यावर लोंबकळू नका. नवी पट्टी जाड असेल तर बोल्टही तेवढे लांब लागतात.

बार-चेन परत बसवून, ताण जुळवून, चेन हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. कुठेही घासता कामा नये. बारचे कव्हर बसते का तेही पाहा. लांब दातांमुळे ते कधीकधी पूर्ण सरकत नाही. पहिली टाकी संपली की बोल्ट पुन्हा तपासा.

आडवा ओंडका कापताना

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि कोकणात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. रस्त्यात पडलेला आंब्याचा बुंधा तोडणे, अशा कामात चांगले स्पाइक हात वाचवतात. हेल्मेट, चष्मा, कानाचे मफ, चेनसॉची पँट किंवा चॅप्स (पायांवर बांधायचे संरक्षक आवरण) आणि बूट घालूनच सुरुवात करा.

उताराच्या वरच्या बाजूला, पाय फाकवून उभे राहा. डावा हात पुढच्या हँडलवर, अंगठा खालून घट्ट. लाकडाला लावण्याआधीच पूर्ण रेस द्या. स्पाइकजवळचा बारचा भाग ओंडक्यावर आणा, दात सालीला टेकवा आणि चेनला थोडे आत जाऊ द्या. मग मागचे हँडल हळू वर उचला.

आता कान इंजिनाकडे ठेवा. आवाज जड होऊ लागला की दाब जास्त झाला, हँडल थोडे सैल सोडा. जळका वास आला तर थांबाच. बारचे टोक पलीकडे खाली उतरले की दात सोडवा, मशीन थोडे खाली घेऊन पुन्हा रुतवा आणि पुढचा घास घ्या. जाड बुंध्याला असे तीन-चार टप्पे लागतात. एकाच टेकूवरून सगळा बुंधा कापायचा हट्ट धरला की बार तिरका जातो. शेवटचे चार बोटे लाकूड उरले की दाब काढून घ्या आणि मशीनचे वजन हातांवर पेला. लाकूड सुटताच चेन थेट जमिनीत किंवा पायाकडे जाऊ शकते.

ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल तर वरचा भाग दबलेला असतो. वरून पूर्ण कापाल तर फट मिटून बार अडकेल. वरून एक-तृतीयांश कापा, उरलेले खालून. खालून कापताना बारची वरची कड वापरात असते आणि तिथे चेन मशीनला तुमच्या अंगावर ढकलते, लाकडाकडे ओढत नाही. त्या वेळी स्पाइक काहीच धरत नाहीत, हे पक्के लक्षात ठेवा.

उभे झाड

महाराष्ट्रात उभे झाड तोडण्याआधी परवानगी बघा. शहरांसाठी १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, आणि ठरावीक जातींसाठी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा. तोडायचा अनुभव नसेल तर हे काम जाणत्याकडेच द्या.

जाणत्यांसाठी एक सूचना. मागचा काप, म्हणजे झाड पाडायच्या दिशेच्या उलट बाजूचा काप, घेताना मोठ्या दातांवर बार फार पटकन फिरतो, आणि बारचे टोक बुडापेक्षा जास्त अंतर कापते. त्यामुळे पलीकडच्या बाजूची बिजागरी, म्हणजे झाडाला दिशा देण्यासाठी न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी, नकळत कापली जाते आणि झाड हवे त्या दिशेला न पडता वळते. बुंध्याच्या व्यासाच्या साधारण एक-दशांश लाकूड बिजागरीसाठी दोन्ही बाजूंना सारखे राहिले पाहिजे. थांबा, पलीकडे जाऊन बघा, मग पुढचा दाब द्या.

कुठे नको

फांद्या छाटताना मोठे दात काढून ठेवलेलेच बरे. ते डहाळ्यांत, वेलींत, घाणेरीच्या जाळ्यात अडकतात आणि मशीन अचानक वळते. बारच्या टोकाचा वरचा भाग तेवढ्यात कशाला लागला तर मशीन उसळून तोंडाकडे येते, आणि स्पाइक ती उसळी थांबवत नाहीत. झाडावर चढून कापणाऱ्यांनीही लांब दात टाळावेत, दोरात गुंततात.

नेताना इंजिन बंद, कव्हर चढवलेले आणि बार मागच्या दिशेला ठेवा. लांब दात मांडीला सहज खोल ओरखडा काढतात. दातांची टोके गोल झाली की कानशीने धार द्या, चिकट डिंक रॉकेलच्या फडक्याने पुसा. वाकलेला दात ठोकून सरळ करू नका. तो पुढच्या जोराला तुटतो आणि तुटलेला तुकडा चेनच्या अगदी शेजारी असतो, म्हणून पूर्ण पट्टीच बदला.