मुंबईहून क्रूझ पकडायची असेल तर

गाडी उशिरा आली तरी जहाज थांबत नाही. म्हणून एक दिवस आधीच मुंबईत पोहोचा.

१. जहाज शनिवारी असेल तर गुरुवारी संध्याकाळीच वर्धा, बडनेरा किंवा अकोल्याहून विदर्भ एक्सप्रेस धरा. शुक्रवारी सकाळी मुंबईत.

२. तिकीट दादरचं नको, थेट सीएसएमटीचं काढा. बॅलार्ड पिअरचा धक्का तिथून टॅक्सीने अगदी जवळ. सामानासकट लोकलमध्ये चढायचा त्रास वाचतो, म्हाताऱ्या माणसांना तर फारच.

३. रेल्वे आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्याच दिवशी काढा.

गावाहून स्टेशनपर्यंतची एसटी शेवटची धरू नका, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ताच बंद. आणि बुकिंगवरचं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.