शॅमेलिऑनला उंदीर नको, नाकतोडे द्या

पऱ्हाटीच्या वावरात शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) सापडला की पोरं त्याला खोक्यात ठेवून उंदराचं पिल्लू पुढ्यात टाकतात. आमच्याकडेही परवा हेच झालं. बिचारा एक डोळा पिल्लावर, एक आमच्यावर ठेवून फांदी घट्ट धरून बसला होता.

उंदीर देऊ नका. त्याचं खरं खाणं किडे. उंदराची हाडं-केस पचायला जड जातात, चरबीही जास्त. जिवंत मोठा उंदीर तर उलट त्यालाच चावतो. बाहेरदेशी जातीचा पाळलेला असला, तरी रोजचं खाणं किडेच.

आपल्याकडचा शॅमेलिऑन 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो पाळता येत नाही. धडधाकट असेल तर सापडला त्याच धुऱ्यावरच्या झुडपात लगेच सोडा. जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 वर फोन करा. माणूस येईपर्यंत जाळीचं झाकण असलेल्या खोक्यात सावलीत ठेवा, आत पानांची फांदी उभी करा. वाटीतलं पाणी तो सहसा पीत नाही. पानांवर पाणी शिंपडा, थेंब चाटतो.

यायला उशीर होणार असेल तर त्यांना विचारून नाकतोडे द्या. पहाटे दव असताना ते गारठलेले असतात, बाटलीत सहज येतात. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको.

फवारणी झालेल्या वावरातले किडे मात्र अजिबात देऊ नका, ते विष त्याच्याही पोटात जातं.