मुस्लिम देशातील शहराची तीन दिवसांची सहल: नमाजाच्या वेळा पाहून दिवस कसा आखावा

इस्तंबूल, कैरो, माराकेश, मस्कत किंवा अबू धाबी अशा एखाद्या शहरात तीन-चार दिवसांसाठी जायचे असेल, तर तिकीट आणि हॉटेल ठरवण्याच्याही आधी त्या शहराचा दिवस आणि आठवडा कसा चालतो ते पाहून घ्यावे. महिनाभर राहणाऱ्याला एखादे दार बंद मिळाले, तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. तीन दिवसांच्या सहलीत हाताशी एकूण सहा अर्धे दिवस असतात आणि त्यातला एक बंद दारासमोर गेला की तो भरून काढता येत नाही. माझ्या पहिल्या इस्तंबूल भेटीत मी शुक्रवारी सकाळी सुलतान अहमद मशिदीच्या, म्हणजे निळ्या मशिदीच्या, दाराशी पोहोचलो आणि दुपारी अडीचनंतर या असे सांगून मला परत पाठवण्यात आले. वेळा शेजारच्या फलकावर स्पष्ट लिहिलेल्या होत्या. त्या आदल्या रात्री पाहिल्या असत्या, तर ती सकाळ तोपकापी राजवाड्यात कारणी लागली असती.

‘मुस्लिम देश’ हा शब्द सोयीचा असला, तरी त्यामागे एकच नियमावली नाही. तुर्कस्तानची राज्यघटना धर्मनिरपेक्ष आहे, सौदी अरेबियाचा कायदा शरियतवर उभा आहे आणि मलेशियात इस्लाम हा संघराज्याचा धर्म असूनही चिनी व भारतीय वंशाची मोठी लोकसंख्या आपापल्या पद्धतीने राहते. त्यामुळे एका देशात जे चालते ते दुसऱ्या देशात चालेल असे गृहीत धरू नये. तरीही चार गोष्टी सर्वत्र सारख्या आढळतात: चांद्र दिनदर्शिका, पाच वेळचा नमाज, शुक्रवारचे महत्त्व आणि मशिदीतली शिस्त. आखणी या चार गोष्टींवर बेतली की बाकीचे प्रश्न बरेचसे सोपे होतात.

तारीख ठरवताना

इस्लामी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्यामुळे रमजानचा महिना दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस आधी येतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला, तर २०२७ मध्ये तो त्याच महिन्याच्या सुरुवातीला येईल. आखाती शहरांत फिरण्याजोगी हवा नोव्हेंबर ते मार्च या काळातच मिळते, म्हणून सध्याच्या वर्षांत हिवाळी सहल ठरवणाऱ्याने ही तारीख आवर्जून तपासावी. महिन्याची सुरुवात आणि शेवट बहुतेक ठिकाणी चंद्रदर्शनावर ठरतो आणि नक्की दिवस आदल्या संध्याकाळी जाहीर होतो, तेव्हा एक दिवस इकडे-तिकडे होईल हे धरून चालावे.

रमजानात जावे की नाही, याचे उत्तर आपण कशासाठी जातो यावर अवलंबून आहे. संग्रहालये, राजवाडे आणि दिवसभराची भटकंती हाच हेतू असेल, तर तो महिना टाळलेला बरा, कारण कामाच्या वेळा आखूड होतात आणि अनेक उपाहारगृहे दिवसा बंद असतात. शहराची माणसे पाहायची असतील, तर मात्र याच्याइतका चांगला काळ नाही, असे माझे मत आहे. कैरोत सूर्यास्तापूर्वी गल्ल्यांमध्ये लांबच लांब टेबले मांडली जातात आणि येणाऱ्या कोणालाही तिथे फुकट जेवायला बसवतात. ताटे वाढलेली असतात, हातात खजूर धरलेला असतो, समोर पाण्याचा पेला असतो, पण अजान ऐकू येईपर्यंत कोणी तोंडाला काही लावत नाही. अजान होताच सगळी रांग एकदम खजूर तोंडात टाकते आणि काही मिनिटे रस्त्यावर फक्त चमच्यांचा आवाज राहतो. कोणी बोलावले, तर संकोच न करता बसावे.

या महिन्यात दोन गोष्टी पाळाव्यात. अनेक आखाती देशांत उपवासाच्या वेळेत सार्वजनिक जागी खाणे, पिणे किंवा धूम्रपान करणे हा गुन्हा आहे, म्हणून पाण्याची बाटलीसुद्धा हॉटेलच्या खोलीत किंवा पडद्याआडच्या जागेतच उघडावी. तुर्कस्तानात असा कायदा नाही, तरी उपवास करणाऱ्याच्या समोर खात उभे राहू नये. दुसरे म्हणजे सूर्यास्ताच्या आधीच्या तासात टॅक्सीवर विसंबू नये. त्या वेळी प्रत्येकजण घरी निघालेला असतो, रस्ते तुंबतात आणि अजान झाल्यावर गाडीही मिळत नाही आणि चालकही.

रमजान ईद आणि तिच्यानंतर सुमारे ७० दिवसांनी येणारी बकरी ईद, या दोन्ही सणांचे पहिले दोन-तीन दिवस छोट्या सहलीसाठी टाळावेत. बाजार बंद असतात, इस्तंबूलचा ग्रँड बाजारही त्याला अपवाद नाही, आणि गावी जाणाऱ्यांमुळे बस व विमाने भरलेली असतात.

साप्ताहिक सुट्टीही देशागणिक बदलते. ओमान, इजिप्त, सौदी अरेबिया, कुवेत आणि कतार इथे ती शुक्रवारी व शनिवारी असते. संयुक्त अरब अमिरातींनी जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार स्वीकारला आणि शुक्रवारी कार्यालये अर्धा दिवस चालू ठेवली. तुर्कस्तान आणि मोरोक्को इथे शनिवार-रविवारच आहे. त्यात प्रत्येक स्थळाचा स्वतःचा वार वेगळा असतो. इस्तंबूलमध्येच ग्रँड बाजार रविवारी, दोल्माबाहचे राजवाडा सोमवारी आणि तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो. रविवारी सकाळी उतरून मंगळवारी रात्री परतणाऱ्याला यातले काय कधी पाहता येईल, हे तिकीट काढण्यापूर्वीच कागदावर मांडून पाहावे.

दिवसाची मांडणी

फज्र, जुहर, असर, मगरिब आणि इशा असे पाच नमाज असतात आणि त्यांच्या वेळा सूर्यावर ठरत असल्याने त्या रोज थोड्याथोड्या सरकतात. शहराचे नाव टाकले की त्या दिवशीच्या वेळा दाखवणारी अॅप मोबाइलवर मिळतात. पाहुण्याच्या वाटेत प्रामुख्याने दुपारचा जुहर आणि उन्हे कलल्यावरचा असर हे दोनच येतात, कारण त्या वेळी मशिदी पर्यटकांसाठी बंद होतात. बाजारातही काही दुकानदार माल तसाच मांडून ठेवतात, दारात आडवी काठी टाकतात आणि नमाजाला जातात. ती काठी दिसली की दहा-वीस मिनिटे पुढच्या गल्लीत फिरून यावे.

यावरून जी मांडणी मला सर्वांत सोयीची वाटते ती अशी: सकाळी मशीद, दुपारी राजवाडा किंवा संग्रहालय, असरनंतर बाजार आणि सूर्यास्ताच्या मगरिबनंतर पाण्याकाठी किंवा एखाद्या मोठ्या चौकात. मस्कतमध्ये तर दुसरा पर्यायच नाही, कारण तिथली सुलतान काबूस ग्रँड मशीद मुस्लिमेतर पाहुण्यांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ याच वेळेत खुली असते आणि शुक्रवारी अजिबात नसते. शुक्रवारची सकाळ कुठल्याही शहरात मोकळ्या हवेतल्या गोष्टीसाठी ठेवावी. इस्तंबूलमध्ये असाल तर बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून जाणारी फेरीबोट घ्यावी, मस्कतमध्ये असाल तर मुतराहच्या समुद्रकाठाने चालावे. शुक्रवारी संध्याकाळी मात्र शहर कुटुंबांसह रस्त्यावर येते, ती वेळ खोलीत घालवू नये.

पहाटेच्या अजानने झोपमोड होते अशी तक्रार पुष्कळजण करतात. झोप हलकी असेल तर मिनारापासून दूरची खोली मागावी. पण निदान पहिल्या दिवशी तरी त्या आवाजाने उठून बाहेर पडावे, असे मी आग्रहाने सांगेन. जुन्या शहराच्या गल्ल्या त्या तासभरात रिकाम्या असतात, बेकरीची दारे उघडलेली असतात आणि दहा वाजता जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे घुमटांवर ऊन येताना एकट्याने पाहता येते.

मशिदीत जाताना

सगळ्या मशिदी सगळ्यांना खुल्या नसतात. मोरोक्कोत मुस्लिमेतरांना बहुतेक मशिदींत प्रवेश नाही. माराकेशची कुतुबिया बाहेरूनच पाहावी लागते, तर कॅसाब्लांकाची १९९३ मध्ये पूर्ण झालेली हसन दुसरा मशीद मार्गदर्शकासह आतून पाहता येते. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत प्रवेश विनामूल्य आहे, पण आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. इस्तंबूलची हागिया सोफिया जुलै २०२० पासून पुन्हा मशीद आहे आणि जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना तिकीट काढून फक्त वरच्या सज्जात जाता येते. वेळ थोडा असेल आणि तिथे रांग मोठी असेल, तर टेकडीवरच्या सुलेमानिये मशिदीकडे वळावे. वास्तुकार सिनानने १५५७ मध्ये पूर्ण केलेली ही मशीद शांत आहे, तिकीट नाही आणि तिच्या अंगणातून गोल्डन हॉर्नची खाडी खाली पसरलेली दिसते.

कपड्यांबाबत सर्वांत कडक ठिकाणाचा नियम पाळला की कुठेच अडत नाही. पुरुषांनी लांब पँट घालावी. स्त्रियांनी मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत झाकणारा सैल पोशाख आणि केस झाकणारी ओढणी किंवा स्कार्फ वापरावा. स्कार्फ सुती असावा, कारण रेशमी स्कार्फ सतत घसरतो आणि रक्षक पुन्हापुन्हा टोकतात. बऱ्याच मोठ्या मशिदींत अंगावर घ्यायला झगे मिळतात, पण त्यासाठीच्या रांगेत वेळ जातो.

बूट काढण्याचीही एक रीत आहे. गालिचा जिथे सुरू होतो त्या काठावर उभे राहून एक बूट काढावा आणि तो पाय बाहेरच्या फरशीवर न टेकवता थेट गालिच्यावर ठेवावा, मग दुसरा. बुटाचा तळ गालिच्याला लागता कामा नये, कारण त्याच गालिच्यावर माणसे कपाळ टेकवतात. बूट ठेवायला एक कापडी पिशवी जवळ असावी. आत गेल्यावर नमाज पढणाऱ्याच्या पुढून जाऊ नये, त्याच्याकडे कॅमेरा रोखू नये आणि भिंतीशी बसून काही वेळ शांतपणे वर पाहावे. घुमटाची खरी उंची बसल्यावरच कळते.

रस्ता, बाजार आणि पैसा

रस्त्यावर बहुतेक शहरांत खांदे ते गुडघे झाकणारे कपडे पुरतात. सौदी अरेबियाने २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू केला, तेव्हापासून परदेशी स्त्रियांना अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, सक्तीचा नाही, पोशाख मात्र शालीन असावा लागतो. सार्वजनिक जागी मिठी मारणे किंवा चुंबन घेणे टाळावे. समोरची व्यक्ती भिन्नलिंगी असेल, तर तिने हात पुढे केल्याशिवाय हस्तांदोलन करू नये. छातीवर उजवा हात ठेवून ‘सलाम’ म्हणणे सगळीकडे चालते. देणे, घेणे आणि खाणे उजव्या हाताने करावे. दारू तुर्कस्तानात सहज मिळते, कुवेतमध्ये आणि अमिरातींपैकी शारजामध्ये तिच्यावर बंदी आहे. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधे अमिरातींत नेण्यासाठी आधी परवानगी लागते आणि खसखस तिथे अमली पदार्थांत मोडते, म्हणून सामान बांधताना औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत.

सैनिक, पोलीस, विमानतळ आणि सरकारी इमारती यांचे फोटो काढू नयेत, माणसांचे विचारल्याशिवाय काढू नयेत. माराकेशच्या जामा एल-फना चौकात गारुडी आणि माकडवाले फोटोचे पैसे मागतात, तर मेंदी काढणाऱ्या बायका न विचारता हात धरतात. नको असेल तर हात खिशात ठेवून चालत राहावे. ‘हा रस्ता पुढे बंद आहे’ असे सांगणारा अनोळखी माणूस बहुधा स्वतः वाट दाखवून पैसे मागणार असतो, त्याचे आभार मानून आपल्या वाटेने जावे.

बाजारात, ज्याला अरबी शहरांत सूक म्हणतात, आधी काही न घेता एक फेरी मारावी आणि हव्या असलेल्या वस्तूचा भाव तीन दुकानांत विचारावा. घ्यायचे नसेल तर आपण होऊन आकडा बोलू नये, कारण आपण बोललेला भाव दुकानदाराने मान्य केल्यावर मागे फिरणे तिथे अपमानाचे समजतात. चहा घेतल्याने खरेदीचे बंधन येत नाही, तो निःसंकोचपणे घ्यावा.

इस्तंबूलमध्ये मेट्रो, ट्राम आणि फेरी यांना इस्तंबूलकार्ट हे एकच प्रवासकार्ड चालते. दुबईच्या मेट्रोत स्त्रिया व मुलांसाठी राखीव भाग असतो, तिथे चढणाऱ्या पुरुषाला दंड होतो. टॅक्सीत मीटर चालू झाल्याची खात्री करावी, मीटर नसेल तर बसण्याआधी भाडे ठरवावे. ओमानी रियाल डॉलरपेक्षा बराच महाग असून त्याचे १००० बैसा होतात, त्यामुळे नोट देताना आकडा आणि एकक दोन्ही वाचावेत. मोरोक्कोचे दिरहम देशाबाहेर फारसे नेता येत नाहीत आणि बाहेर ते बदलूनही सहजी मिळत नाहीत. तिथे पोहोचल्यावर गरजेपुरतेच घ्यावेत, पावती जपून ठेवावी आणि उरलेले परतीच्या दिवशी विमानतळावरच बदलून घ्यावेत.