रानातल्या राखणीसाठी वॉकीटॉकी घेताना

आमचं भात जांबोटीच्या अलीकडं, जंगलाला लागून. गणपती झाले की पीक पोटरीला येतं आणि तिथून सुगी होईपर्यंत रात्री रानातच काढाव्या लागतात. डुकरं रोजची, गवे कळपानं येतात, कधी हत्तीही. मी वरच्या माळ्यावर म्हणजे मचाणावर, धाकटा भाऊ ओढ्यापलीकडच्या माळ्यावर. मधे सात-आठशे मीटर अंतर, काजूची बाग आणि एक टेकाड. मोबाईलला रेंज हवी तर त्या टेकाडावर चढावं लागतं. चार वर्षांमागं एका रात्री गवे त्याच्या माळ्याखालीच होते, तो हाका मारत होता आणि पावसात मला काहीच ऐकू आलं नाही. सकाळी तुडवलेलं भात बघितलं, पण त्याचा पार बसलेला आवाज ऐकून जास्त वाईट वाटलं. त्याच आठवड्यात मी वॉकीटॉकी शोधायला लागलो.

पहिली खरेदी चुकली. ऑनलाइन पाच वॉटचा स्वस्त सेट दिसला, जोडी मागवली. लायसन्स लागतं असा एक शब्दही तिथं लिहिलेला नव्हता. आमचे एक मामा बिनतारी खात्यातून रिटायर झालेत. त्यांनी सेट हातात घेतला, मागचं लेबल वाचलं आणि म्हणाले, "हा चालूसुद्धा करू नको बघ." दुकानदारानं परत घेतला नाही, पैसे गेले. म्हणून आधी कायद्याचं सांगतो.

आपल्या देशात लायसन्सशिवाय हातातला वॉकीटॉकी वापरायचा तर 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी धरून चाला, आणि ताकद जास्तीत जास्त अर्धा वॉट. 2018 च्या नियमांनी ही सूट मिळाली. त्याच्या बाहेरचा, लायसन्स लागणारा सेट, मग तो कितीही स्वस्त मिळो, दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरणं गुन्हा आहे. सेटच्या मॉडेलला ईटीए म्हणजे उपकरण मंजुरी हवी. ती विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळते. दुकानदाराला सरळ विचारा: फ्रिक्वेन्सी किती, ईटीए नंबर काय? उत्तर देताना अडखळला तर दुसरं दुकान बघा. ऑनलाइन विकणाऱ्यांनी फ्रिक्वेन्सी आणि लायसन्सची माहिती द्यावी, अशी मार्गदर्शक तत्त्वं 2025 मध्ये आलीत, त्यामुळं आता विचारायचा हक्क आणखी पक्का झालाय. काहीजण म्हणतात हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांची, परीक्षा द्या आणि मोठा सेट वापरा. परीक्षा जरूर द्या, फार चांगला छंद आहे, पण ते लायसन्स धंद्याच्या कामासाठी नसतं. शिवाय तुमच्या भावालाही वेगळं काढावं लागेल.

अर्ध्या वॉटनं काय होणार, असं मलाही वाटायचं. मामांनी हिशेब सांगितला: ताकद दहापट वाढवली तरी उघड्या माळावर अंतर फार तर तिप्पट होतं, आणि मधे टेकाड आलं की तेवढंही नाही. उंचीनं जास्त फरक पडतो. आमच्या बांधावर उभं राहून बोललं तर भावाचा आवाज फाटका यायचा. तोच सेट बारा फूट उंच माळ्यावर नेला की शब्दन् शब्द कळायचा. खोक्यावर आठ किलोमीटर लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. काजूच्या ओल्या पानांतून आमचा सेट एक किलोमीटरच्या आतच दमतो. राजहंसगडावर उभं राहून खालच्या शिवाराशी बोललो तेव्हा मात्र चार किलोमीटर सहज गेला.

आता ॲनालॉग की डिजिटल. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण पैशातला मोठा फरक इथंच पडतो. बेळगावात मिरवणुकीची व्यवस्था बघणाऱ्या एका मित्राकडून लायसन्स न लागणारी डिजिटल जोडी चार रात्रींसाठी आणली आणि आमच्या ॲनालॉग जोडीबरोबर ताडून बघितली. डिजिटलमध्ये आवाजाचे आकडे होऊन जातात, म्हणून खरखर नाही. जवळ बसून बोलल्यासारखं वाटतं. पण रेंज संपत आली की आवाज रोबोटसारखा तुटतो आणि पुढच्या दहा पावलांत एकदम बंद. ॲनालॉगमध्ये खरखर हळूहळू वाढते. भाऊ ओढ्याकडं उतरायला लागला की ती खरखर मला आधीच सांगते, हा आता हाताबाहेर चाललाय, थांबव त्याला. राखणीत मला हे मोलाचं वाटलं.

दुसरी गोष्ट तिसऱ्या रात्री कळली. भाऊ एका हातानं पत्र्याचा डबा बडवत दुसऱ्या हातानं डिजिटल सेटवर बोलत होता. डिजिटल यंत्रणा माणसाचा आवाज ओळखून तो आवळते. डब्याच्या दणक्यात तिला माणूस कुठला आणि डबा कुठला हे कळेना. मला नुसता गुरगुराट ऐकू आला. ॲनालॉगवर डबाही ऐकू आला आणि "खालून या" हेही ऐकू आलं.

म्हणून दोन-तीन माणसांच्या राखणीला ॲनालॉग घ्या, असं माझं ठाम मत आहे. डिजिटलचा उपयोग माणसं जास्त असतील तिथं. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत एकेकाला वेगळं बोलवायचं, कोण बोलतोय त्याचा नंबर पडद्यावर दिसायला हवा, अशा कामाला. घ्यायचाच झाला तर सगळे सेट एकाच पद्धतीचे घ्या. डीएमआर आणि डीपीएमआर या दोन डिजिटल पद्धतींचे सेट एकमेकांशी बोलत नाहीत, आणि ॲनालॉग सेटला डिजिटल बोलणं म्हणजे नुसती घरघर. ॲनालॉग आणि डिजिटल दोन्ही चालणारा सेट मिळतो. पुढं माणसं वाढणार असतील तर तो परवडतो.

खोक्यावर "प्रायव्हसी कोड" असं छापलेलं असतं. त्यानं बोलणं गुप्त होत नाही. दुसऱ्यांचा आवाज तुमच्या स्पीकरवर येत नाही, एवढंच. तुमचं ते सगळं ऐकू शकतात.

पैसे कुठं घालायचे? बॅटरीत आणि पाण्यात. खानापूर तालुक्यातला पाऊस सेटची परीक्षा घेतो. सेट पाणी-धूळ किती सोसतो ते आयपीच्या आकड्यावरून कळतं: आयपी 54 वर शिंतोडे निभावतात, चिखलात पडला तर आयपी 67 हवा. चार्जिंग साध्या मोबाईलच्या पिनेनं होणारं बघा, म्हणजे लाईट गेली तरी पॉवरबँकवर भागतं. बॅटरी निघणारी असावी आणि एक जादा बॅटरी सेटबरोबरच घ्या, नंतर त्या मॉडेलची मिळेलच असं नाही. पडदा नसला तरी चालेल. चॅनल बदलायला टक-टक वाजणारं बटण हवं. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण टोकापर्यंत फिरवलं की पहिला, तिथून तीन टक मोजले की चौथा चॅनल, हे ती अंधारात करते. पहिला चॅनल टाळा, नवा सेट घेतलेले सगळे तिथंच असतात.

विकत घेण्याआधी दुकानातून एक सेट रस्त्यापलीकडं, इमारतींच्या आड न्या आणि कुजबुजल्यासारखं बोला. शक्य असेल तर पैसे भरून, परतीचं बोलणं करून, दोन रात्री स्वतःच्या रानात वापरा. मी जोडीला साडेचार हजार दिले, त्याआधी तीन जोड्या अशा फिरवल्या.

आणि बोलायची सवय. बटण दाबल्या दाबल्या बोललं की पहिलं अक्षर कापलं जातं. "गवे आले" मधलं मला फक्त "आले" ऐकू यायचं, आणि काय आलं ते कळायचं नाही. दाबा, मनात एक म्हणा, मग बोला. आमच्याकडं सौंदत्तीकडचा एक गडी असतो, तो घाईत कन्नडच बोलतो. म्हणून शब्दच ठरवून टाकलेत: गव्याला "एक", डुकराला "दोन", हत्तीला "तीन". तीन ऐकलं की डबा वाजवायचा नाही, माळ्यावरून उतरायचं नाही, दिवा विझवून गप्प बसायचं आणि दर पाच मिनिटांनी फक्त "आहे" एवढंच म्हणायचं.